२०१७ ची वॅगन आर घेतोय, पण रात्री दिवे फार मंद वाटले. सल्ला हवा (सोलापूर)

चाटीगल्ली:
नमस्कार मंडळी. घरातली पहिली गाडी घेतोय, जुनीच. बजेट सव्वातीन लाख. एका डीलरकडे २०१७ ची पेट्रोल वॅगन आर बघितलीय, एमएच १३ (सोलापूर पासिंग), मीटरवर ४८ हजार. वापर म्हणाल तर महिन्याला एक पंढरपूर, अधूनमधून तुळजापूर, आणि बहीण लातूरला असते.

दिवसा चालवून बघितली, आवडली. मग सातनंतर पुन्हा मागून घेतली आणि अक्कलकोट रोडला नेली, तर दिव्यांचा उजेड रॉकेलच्या चिमणीएवढा. समोरून गाडी आली की पुढचा रस्ता दिसेना. डीलर म्हणतो, "पांढरे एलईडी बल्ब फुकट टाकून देतो, दिवस उजाडल्यासारखं दिसेल."

बाबाही चालवणार आहेत. वय ६६. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या त्यांनी, आता स्वतःची चालवायची हौस आहे. त्या रात्री त्रास माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त झाला. एलईडी टाकून घेऊ का? गाडीत आणखी काय बघू?

मोहोळ_ते_पुणे:
एलईडी नको. फुकट असले तरी नको.

त्या दिव्यामागची वाटी हॅलोजन बल्बच्या तारेसाठी घडवलेली असते. तार जिथे असायला हवी तिथे उजेडाचा उगम नसला की डिपर मारला (झोत खाली केला) तरी उजेड वर आणि चौफेर फाकतो. तुम्हाला बोनेटपुढे लख्ख दिसतं, लांबचं मात्र दिसत नाही, आणि समोरच्याचे डोळे दिपतात. आज तुम्हाला जो त्रास झाला तोच तुम्ही उद्या दुसऱ्याला द्याल. १००/९० वॅटचे बल्बही घेऊ नका, वायरिंग आणि होल्डर वितळतात. कंपनीचा ६०/५५ वॅटचा बल्ब पुरेसा आहे.

खरं कारण बहुतेक वेगळं असेल. दिव्याच्या काचेवर बोट फिरवून बघा. पिवळट, खरबरीत लागते का? ती काच नसून प्लास्टिक असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत गाडी उघड्यावर उभी राहिली की उन्हाने ते करपतं. पॉलिश करून घ्या, खर्च फार नाही. मग रात्री एखाद्या भिंतीपासून १० मीटरवर सपाट जागी गाडी उभी करून डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांचं चाक असेल तर मागे माणसं-सामान भरल्यावर ते वाढवायचं. नाहीतर गाडी मागे बसते आणि दिवे आभाळाकडे बघतात.

शेळगी_पेट्रोल:
मोहोळकरांशी सहमत, मी हे भोगलंय. एलईडी टाकल्यावर पहिल्या पावसात ओल्या डांबरावर मला काहीच दिसेना, आणि समोरचा प्रत्येक जण डिपर मारून शिव्या घालून जायचा. आठ दिवसांत काढले.

गाडी चांगली निवडलीय. तुमच्या वापराला डिझेल नको.

विजापूर_नाका:
दिव्यांचं कळलं, आता कागदांकडे वळा. कर्जाचा बोजा (हायपोथिकेशन) आरसीवर आहे का ते वाहन पोर्टलवर बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या हव्यात, आणि थकलेली चलनं शून्य. विमा नावावर करायला १४ दिवस असतात, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम धरून चला.

तुमची एमएच १३ आहे म्हणून सोपं आहे. कर्नाटकच्या केए २८, केए ३२ स्वस्त मिळतात म्हणून कुणी भुलवलं तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स मोजूनच बोला.

मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१७ म्हणजे २०१७ चा ३२ वा आठवडा. टायर २०२३ चे निघाले तर ४८ हजारांतच पहिले कसे संपले ते विचारा. सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढा. सकाळी इंजिन थंड असताना स्वतः चालू करा, आणि तेव्हाच रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. आपल्याकडे कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत राहतात, पांढरा क्षार दिसला तर भाव पाडा किंवा सोडून द्या.

होटगीरोड_ताई:
मी चष्म्याच्या दुकानात काम करते, म्हणून बाबांबद्दल लिहिते. त्यांना समोरच्या दिव्याभोवती कडं दिसतं का, किंवा दिवा फुटून पसरल्यासारखा वाटतो का, ते विचारा. साठीनंतर हे मोतीबिंदूचं लक्षण असू शकतं, तेव्हा गाडी कुठलीही असली तरी त्रास होणारच. डोळे तपासून घ्या. ते पिवळे 'नाइट ड्रायव्हिंग' चष्मे घेऊन देऊ नका, अंधारात आहे तो उजेडही कमी होतो.

आणि पुढची काच आतून पुसा. उन्हात डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा थर काचेवर बसतो, रात्री त्याच्यावरच सगळा झगमगाट होतो.

मोहोळ_ते_पुणे:
ताईंचं अगदी बरोबर. एक राहिलं. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, कितीतरी मागच्या दिव्यांशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय. समोरच्याचा झोत डोळ्यावर आला की नेमकी त्याच्या आड ट्रॉली असते. अशा वेळी झोताकडे बघू नका, डावीकडची पांढरी पट्टी धरा आणि पाय ॲक्सिलेटरवरून काढा. आपल्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे.

चाटीगल्ली:
मंडळी, खूप आभार. आज सकाळी थंड गाडी चालू करून बघितली, रेडिएटर स्वच्छ. टायर २०२२ चे, पण सर्व्हिसच्या नोंदी ४६ हजारांपर्यंत जुळतात आणि टायर बदलल्याचं बिलही निघालं. बोजा नाही. एलईडीऐवजी काच पॉलिश करून आणि नवे हॅलोजन टाकून द्या म्हटलं, डीलर तयार झाला.

बाबांना विचारलं. "कडं दिसतंय वर्षभर झालं, तुला कशाला सांगायचं" म्हणाले. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतोय. तोवर रात्रीची गाडी तूच चालव, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

पॉलिश केलं तर किती टिकतं?

मोहोळ_ते_पुणे:
नुसतं घासलं तर पुढच्या उन्हाळ्यात परत पिवळं. घासल्यावर वरून यूव्ही लॅकर (ऊन अडवणारा थर) मारून घ्या, ते डीलरसमोर उभं राहून मारून घ्या. आणि गाडी सावलीत लावा.