मदत हवी आहे: घराजवळच्या शेतात कायोटी (लांडग्यासारखा, पण लहान जंगली प्राणी) येतोय

नमस्कार मंडळी, आम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या बाहेर राहतो, थोड्या कोंबड्या आणि 4 शेळ्या आहेत, दोन्ही बाजूंना घरं. परवा पहाटे कायोटी जाळीखालून उकरून आत आला आणि 3 कोंबड्या नेल्या. बंदूक नको, शेजारची पोरं कुंपणापाशीच खेळतात, आणि विष तर अजिबात नको, कुणाचा कुत्रा खाऊन मरायचा. रात्री सगळ्यांना आत कोंडतो, सांडलेले दाणे उचलतो, दिसला की भांडी वाजवून हाकलतो. आता जाळी बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीत पुरू की इलेक्ट्रिक तार लावू? शेळ्यामेंढ्यांची राखण करणारा ग्रेट पिरेनीज जातीचा कुत्रा कोणी ठेवलाय का, रात्रभर भुंकतो म्हणतात, मग शेजाऱ्यांचं काय करता? प्लीज लवकर सांगा, दोन शेळ्या व्यायला आल्यात, जीव नुसता टांगणीला लागलाय.