शब्दचर्चा: न्यूट्रोफिल फुप्फुसात ‘अडकतात’ की ‘शिरतात’?

प्रश्न: एआरडीएसवरच्या (अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम, म्हणजे फुप्फुसांत दाह होऊन पाणी झिरपतं आणि रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो तो आजार) मराठी लेखांत सिक्वेस्ट्रेशन आणि मायग्रेशन या दोन्हींसाठी ‘पांढऱ्या पेशींचे स्थलांतर’ असं लिहिलेलं दिसतं. चालेल का?

प्रतिसाद १: चालणार नाही, दोन्ही घटनांच्या जागाच वेगळ्या आहेत. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचा व्यास साधारण ७-८ मायक्रॉन. फुप्फुसातल्या कितीतरी केशवाहिन्या त्याहून अरुंद, त्यामुळे निरोगी शरीरातही ही पेशी अंग चोरून, लांबट होऊन पुढे सरकते. सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला घातक प्रतिसाद) किंवा न्यूमोनियात ती उत्तेजित झाली की आत ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू तयार होतात, पेशी ताठरते आणि तिथेच थबकते. हे सिक्वेस्ट्रेशन. पेशी अजून रक्तवाहिनीतच आहे, मग स्थलांतर कसलं? सरळ ‘केशवाहिन्यांत अडकणे’ लिहावं.

प्रतिसाद २: ‘संचय’ कसा वाटतो? भारदस्त आहे.

प्रतिसाद १: भारदस्त आहे, पण मोघम. संचय वायुकोशातही होतो. आयएल-८सारख्या रसायनांच्या ओढीने पेशी वाहिनीची भिंत आणि मग वायुकोशाचं अस्तर ओलांडते, हे मायग्रेशन, त्याला ‘पारगमन’ म्हणा किंवा साधं ‘शिरणे’. तपासणीचे आकडे वाचताना हा फरक लागतोच. पेशी मोठ्या संख्येने फुप्फुसात अडकल्या की रक्तातली त्यांची संख्या काही काळ घटलेली दिसू शकते. उलट ब्रॉन्कोस्कोपीतून, म्हणजे श्वासमार्गात दुर्बीण घालून, फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात फक्त आत शिरलेल्या पेशी सापडतात. निरोगी माणसात त्या द्रवातले न्यूट्रोफिल साधारण ३ टक्क्यांच्या आत असतात, एआरडीएसच्या सुरुवातीला मात्र बहुतेकदा त्यांचंच प्राबल्य असतं.

प्रतिसाद ३: ‘पेशी फुप्फुसावर हल्ला करतात’ हेही टाळायला हवं. इलास्टेज (प्रथिनं तोडणारं विकर), ऑक्सिडंट आणि न्यूट्रोफिल बाहेर फेकतात ती, २००४ साली वर्णन झालेली डीएनएची जाळी ही जंतूंसाठीची हत्यारं, त्यांत शेजारचं अस्तरही भाजतं आणि प्रथिनयुक्त पाणी वायुकोशात झिरपतं. शिवाय न्यूट्रोफिल जवळजवळ संपलेल्या रुग्णांनाही एआरडीएस होतो, तेव्हा सगळा दोष एकट्या न्यूट्रोफिलवर टाकणारी वाक्यरचना चुकीचीच.

प्रतिसाद २: आणि नावातल्या ‘अक्यूट’ला ‘तीव्र’?

प्रतिसाद ३: नको. २०१२च्या बर्लिन व्याख्येत अक्यूट म्हणजे कारण घडल्यापासून आठवड्याच्या आत उद्भवलेला. ‘तीव्र’ हा शब्द सिव्हिअर या पायरीसाठी राखून ठेवा: किमान ५ सेंटिमीटर (पाण्याचे) पीप, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी यंत्राने टिकवलेला दाब, असताना पीएफ गुणोत्तर (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब भागिले श्वासातल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) १०० किंवा त्याखाली. अक्यूटला ‘आकस्मिक’ किंवा नुसतं ‘अक्यूट’ लिहिलेलं बरं, नाहीतर सौम्य एआरडीएसचं ‘सौम्य तीव्र’ होऊन बसतं.