वायपर रडतखडत चालतो, मिनिटभराने फ्यूज उडतो (कॅम्पर, १२ व्होल्ट)

सातपायरी_घाट
मिनीबसच्या चेसिसवर बांधून घेतलेली कॅम्पर आहे. १२ व्होल्ट. पुढचं तोंड फायबरचं, काच एकच मोठी, दोन वायपर एका मोटरवर. दिवाळीपासून गाडी शेडमध्ये उभी होती. आता पहिल्या पावसात असं होतंय: पहिल्या स्पीडला ब्लेड जेमतेम सरकतात, दुसऱ्याला जरा बरं. मिनिट-दीड मिनिटात १५ अँपिअरचा फ्यूज उडतो. बंद केलं की ब्लेड खाली येऊन बसत नाहीत, काचेवर जिथल्या तिथे उभे राहतात. इंटरमिटंट (थांबून थांबून चालणं) तर चालतच नाही. धुळ्यात मोटर बदलायचा सल्ला मिळाला. शनिवारी कोंडाईबारी घाट उतरून नवापूरकडे जायचंय. मोटर घेण्याआधी काय बघू?

चौफुली_वायरमन
मोटर घेऊ नका अजून. "मिनिटभराने उडतो" हे तुम्ही बरं केलं लिहिलं. वायर सोलून बॉडीला लागली असती तर स्विच लावताक्षणी फ्यूज गेला असता. वेळ घेऊन उडतो म्हणजे मोटरला ओढायला जड जातंय.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. लिंकेजमध्ये (मोटर आणि वायपर जोडणाऱ्या रॉडमध्ये) बोट असताना कुणी स्विच लावला तर बोट जाईल, चेष्टा नाही. काचेवर ब्लेड जिथे बसायला हवेत तिथे मास्किंग टेपची खूण करा. आर्म (ब्लेड धरणारा हात) काढा. स्प्लाइनवर (दांड्याच्या टोकावरच्या दात्यांवर) घट्ट बसला असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकू नका, काच जाईल. छोटा दोनपायी पुलर लावा. मग मोटरच्या क्रँकवरून रॉडचा बॉल-जॉइंट सोडवा आणि दोन्ही स्पिंडल (ज्या दांड्यांवर आर्म बसतात) एकेक करून हाताने फिरवून बघा. दोन बोटांनी फिरायला हवा. पान्हा लावावा लागला तर चोर तिथेच आहे.

स्पिंडल स्टीलचा, त्याचं घर ॲल्युमिनियमचं. वरचा रबरी ओ-रिंग कडक झाला की पाणी आत उतरतं, ॲल्युमिनियमला पांढरी बुरशी धरते, ती फुगून दांडा आवळते. आपल्याकडे त्यात काळ्या मातीची धूळ, आणि मे महिन्याच्या ४५ डिग्रीत ग्रीस सुकून लाखेसारखं होतं. सहा-आठ महिने उभ्या गाडीत हे हमखास. सर्क्लिप (स्पिंडल अडकवून ठेवणारी गोल क्लिप) काढा, वॉशर कोणत्या क्रमाने निघाले ते फोटो काढून ठेवा, स्पिंडल खाली ओढून काढा. रॉकेल किंवा डिझेलने धुवा, ४०० नंबर पॉलिश पेपरने दांडा आणि घर दोन्ही साफ करा, लिथियम ग्रीस लावा, ओ-रिंग नवा टाका. वरून नुसता गंज-सोडवणीचा स्प्रे मारून भागत नाही. दोन दिवस मोकळं वाटतं, मग स्प्रे उडून जातो आणि उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतो.

भुसावळ_रोड
जय खान्देश भो. शनिवारीच निघायचं असेल तर तोवर २५ चा फ्यूज टाकून द्या, आल्यावर काम करा.

चौफुली_वायरमन
असलं सांगू नका भाऊ. बांधणीवाल्याने ओढलेली वायर बहुतेक दीड चौरस मिमीची असते आणि ती डॅशबोर्डमागे प्लाय आणि फोमला चिकटून गेलेली असते. अडकलेली मोटर २० अँपिअरच्या वर सहज ओढते. २५ चा फ्यूज तसाच राहील, आधी आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) नाहीतर वायर जळेल. कॅम्परमध्ये मागे गॅसची टाकी असते हेही लक्षात घ्या.

तापीकाठ_इलेक्ट्रिकल
स्पिंडल बघाच, पण तोंड फायबरचं आहे म्हणून अर्थिंगही (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायचा रस्ता) बघा. बऱ्याच मोटरी अर्थ आपल्या बॉडीतूनच घेतात, म्हणजे मोटरचा ब्रॅकेट लोखंडाला टेकला की झालं. फायबरला बोल्ट केला तर तो रस्ताच नाही. मग बांधणीवाले ब्रॅकेटवरून एक वायर काढून जवळच्या अँगलला स्क्रू मारून सोडतात, बऱ्याचदा रंगावरच. पावसाळा दोन पावसाळे चालतं, मग स्क्रूखाली गंज.

मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. काळी पिन गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन मोटरच्या बॉडीवर. काच ओली करून वायपर चालवा आणि चालू असतानाच रीडिंग घ्या. बंद असताना घेतलेलं रीडिंग कायम शून्यच दाखवेल. ०.२ पर्यंत ठीक. त्याच्या वर जे दिसेल तेवढे व्होल्ट अर्थिंगमध्ये वाया जातायत. पॉझिटिव्ह बाजूला असंच: एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी मोटरच्या चालू वायरीवर, अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर कॉम्बिनेशन स्विच (स्टीअरिंगजवळचा, वायपरचा) आणि फ्यूजची खोबण तपासा, खोबण तापून पिवळी पडलेली दिसेल.

एक सांभाळा: मोजमाप गाडीच्या बॅटरीवरच. मागची, पंख्या-फ्रिजची बॅटरी वेगळी असते, तिच्या निगेटिव्हवर पिन लावली तर भलतेच आकडे येतील.

सातपायरी_घाट
दोघांचंही खरं निघालं. उजवा स्पिंडल बोटाने फिरतो, डावा पान्ह्याशिवाय हलत नव्हता. साफ करून बसवला. लिंकेज सोडून मोटर एकटी फिरवली तर २ अँपिअरच्या आत. अर्थिंगचं रीडिंग १.४ आलं होतं. ब्रॅकेटपासून थेट चेसिसला अडीच चौरस मिमीची नवी वायर टाकली, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) क्रिंप करून, खालचा रंग खरवडून. आता ०.१. ओल्या काचेवर दहा मिनिटं चालवलं, फ्यूज शाबूत. पण पार्किंग (ब्लेड खाली येऊन बसणं) आणि इंटरमिटंट तसंच अडलंय.

तापीकाठ_इलेक्ट्रिकल
दोन्ही एकदम गेलेत, तर दोघांमध्ये सामाईक काय ते बघा: इंटरमिटंटचा रिले (करंटवर चालणारा छोटा स्विच). स्विच बंद केल्यावरही मोटरला खालपर्यंत यायला करंट लागतो. तो मोटरच्या गिअरबॉक्समधल्या पार्किंगच्या चकतीतून येतो, रिलेच्या बंद असलेल्या पॉइंटमधून जातो आणि परत मोटरच्या स्लो कार्बनला (पहिल्या स्पीडच्या ब्रशला) पोचतो. ब्लेड खाली पोचले की चकती तीच वायर अर्थला जोडते, म्हणून मोटर जागच्या जागी ब्रेक लागल्यासारखी थांबते. रिलेचा तो पॉइंट जळला की पार्किंगही जातं आणि थांबून थांबून चालणंही.

रिले उपसा. पिनांवर ५३एम आणि ५३एस छापलेलं असेल तर खोबणीतल्या त्याच दोन जागा वायरच्या तुकड्याने जोडा. इग्निशन चालू, वायपर चालू करून ब्लेड मध्यावर आले की बंद करा. खाली येऊन बसले तर रिले गेला. नाही बसले तर मोटरच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) ५३ए ला इग्निशन चालू असताना कायम १२ व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर गिअरबॉक्सचं झाकण उघडा. चकतीवर हिरवं साचलं असेल, कॉन्टॅक्टच्या पत्त्या वाकलेल्या असतील. पेट्रोलने पुसा, पत्त्या हलक्या हाताने वर उचला, पॉलिश पेपर मारू नका, चकतीवरचा मुलामा निघून जातो.

सातपायरी_घाट
वायर जोडली, ब्लेड खाली येऊन बसले. रिलेच. आर्म परत बसवताना काही?

चौफुली_वायरमन
आर्म न लावता मोटर एकदा चालवून बंद करा, म्हणजे ती पार्किंगला येऊन थांबेल. मगच टेपच्या खुणेवर आर्म बसवा. उलट केलं तर ब्लेड काचेच्या चौकटीवर आपटतील. रिले आणायला जाताना जुना सोबत न्या. दिसायला सारखे असले तरी पिनांची मांडणी वेगळी निघते, आणि २४ व्होल्टचा उचलून आणला तर तो टिकटिकणारही नाही.

जाता जाता आर्मच्या स्प्रिंगचाही दाब बघून घ्या. ताणकाटा ब्लेडच्या मधल्या पिनेत अडकवून काचेपासून उचलायला लागला की किती दाखवतो ते वाचा. दर सेंटिमीटरला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे ६० सेंमीच्या ब्लेडला ९०० ग्रॅमच्या आसपास. फार कमी असेल तर वेगात ब्लेड उचलला जातो, फार जास्त असेल तर मोटर पुन्हा ओढत बसेल. काच मोठी म्हणून बांधणीवाल्याने लांब ब्लेड टाकलेत का तेही मोजा. आणि रबर नवे घ्या, शेडमध्ये उन्हाळा काढलेलं रबर एका बाजूला वाकून राहतं आणि परत येताना काचेवर टकटकतं.