धंद्याच्या वेबसाइटवर लेख लिहून काही मिळतं का? (एका आंबेवाल्याचा प्रश्न)

कातळकर

मंडळी, देवगड तालुक्यात आमची तीनशेच्या आसपास हापूसची कलमं आहेत. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा, आता निम्म्याहून जास्त पेट्या पुण्या-मुंबईत थेट घरी पोचतात. गेल्या वर्षी पुतण्याने वेबसाइट काढली आणि ‘काका, ब्लॉग पाहिजेच’ म्हणून एका एजन्सीला काम दिलं. महिन्याला बारा लेख, दहा हजार रुपये.

ते लेख मी परवा पहिल्यांदा बसून वाचले. ‘आंबा खाण्याचे १० फायदे’, ‘फळांचा राजा आंबा’, ‘उन्हाळा आणि आंबा’. मराठीतच आहेत, पण इंग्रजीतून उलथवल्यासारखे. एकात लिहिलंय, कच्चा हापूस फ्रीजमध्ये ठेवला की हळूहळू छान पिकतो. आमच्या नावाखाली! अहो, गवताच्या आढीत लावायचं फळ ते. कच्चं फ्रीजमध्ये गेलं की साल सुरकुतते आणि चव जाते ती जातेच. कुणी तसं करून बसलं तर शिव्या मला.

वर्षभरात १४४ लेख झाले. त्यावरून आलेल्या ऑर्डरी पुतण्याने मोजल्या: चार. त्यातली एक त्याच्या मित्राची. माझं मत, बंद करावं. तो म्हणतो लेख वाईट आहेत, लिहिणं वाईट नाही. बोला.

हिशेबनीस

बंद करा, आजच. १,२०,००० भागिले ४, म्हणजे तीस हजाराला एक ऑर्डर पडली. त्या पैशात पेटी घेऊन तुम्ही स्वतः विमानाने जाऊन आला असतात.

माझा ठाण्यात फराळाचा धंदा आहे, अकरा वर्षं. एक ओळ लिहिलेली नाही. दिवाळीच्या आधी व्हॉट्सॲपवर दरपत्रक टाकतो, जुनी गिऱ्हाइकं नवी आणतात. चकली खुसखुशीत आहे की नाही हे लेख वाचून कळत नाही, खाऊन कळतं. तुमचा तर धंदाच अडीच महिन्यांचा. मोहोर सांभाळा, फवारणी वेळेवर करा. लेखक व्हायला कुणी सांगितलंय?

लाकडी घाणा

हिशेबनीस, तुमचा भागाकार बरोबर आहे, पण तो एजन्सीचा आहे, लिहिण्याचा नाही.

आमचा साताऱ्याजवळ घाणा आहे. दिवसातून पाच फोन एकच प्रश्न विचारायचे, ‘दुकानात तेल एवढ्याला मिळतं, तुमचं दुप्पट का?’ फोनवर सांगून तोंड दुखायचं. शेवटी एका रात्री बसून लिहून काढलं. आमच्या घाण्यावर लिटरभर शेंगदाणा तेलाला अडीच किलो दाणे लागतात. दाणे १३० रुपये किलो धरले तर ३२५ रुपये तिथेच गेले. त्यात वीज, मजुरी, बाटली. पेंड विकून काही परत येतात, तेही लिहिलं. खाली आमचा भाव. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, नवऱ्याने नंतर दुरुस्त केल्या.

तीन वर्षं तो एकच लेख चालतोय. भावाचा फोन आला की मी लिंक पाठवते. अर्धे लोक परत फोन करत नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण ते घेणारच नव्हते. उरलेले घासाघीस न करता ऑर्डर देतात. दाण्याचा भाव बदलला की आकडे बदलते, एवढंच काम. आजवर एकूण लेख किती? सात.

पोटार्थी

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. असले ‘१० फायदे’ मी पोटासाठी लिहिलेत, शब्दाला पैशांत. सकाळी आंबा, दुपारी बाथरूमच्या फरश्या, संध्याकाळी मूळव्याध. देवगड मी नकाशातही पाहिलेलं नव्हतं.

पण कातळकर, पुतण्यालाही सांगा, दिवस बदललेत. नुसतं शोधात वर यावं म्हणून घाऊक पाडलेल्या लेखांविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले, मग ते यंत्राने लिहिलेले असोत की माझ्यासारख्याने. शिवाय आता बऱ्याच प्रश्नांचं उत्तर गूगल वरच्या वर गोळा करून देतं, माणूस तुमच्या पानावर येतच नाही. घाणावाल्या ताईंचा लेख चालतो कारण त्या स्वतः लिंक पाठवतात. म्हणजे ते दरपत्रकच झालं, जरा लांबलचक. तेवढं करायला हरकत नाही, पण ‘लेख लिहून नवं गिऱ्हाईक मिळेल’ या आशेवर राहू नका.

हिशेबनीस

पोटार्थींशी सहमत. आणि लिहायचंच तर रील करा की. झेल्याने आंबा काढतानाची अर्ध्या मिनिटाची रील हजार शब्दांना भारी.

लाकडी घाणा

रील कराच, मीही करते. पण तेवढ्यावर विसंबू नका. नात्यातल्या एकाचं टिकटॉकवर साड्यांचं पान जोरात चालायचं. २९ जून २०२० ला बंदी आली, आणि दोन दिवसांत त्याच्याकडे ना गिऱ्हाईक ना त्यांचे नंबर. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतही २५६ च माणसं बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. आपलं पान आपल्या सातबाऱ्यावर हवं.

पेठेतली खवय्यी

मी विकणारी नाही, खाणारी. दरवर्षी चार पेट्या घेते, एक घरी, तीन नातेवाइकांकडे. आंबेवाला का बदलला ते सांगते.

आमचा जुना आंबेवाला दर वर्षी ‘यंदा माल एक नंबर’ म्हणायचा. दर वर्षी एकच नंबर कसा? दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या एका बागायतदाराचं पान वाचनात आलं. फेब्रुवारीतच त्याने लिहिलं होतं, पहिला मोहोर तुडतुड्याने खाल्ला, आमचा आंबा एप्रिलच्या मध्याआधी येणार नाही, घाई असेल त्यांनी दुसरीकडून घ्यावा. मी थांबले. तेव्हापासून त्याच्याचकडून घेते. दुबईतला माझा भाऊ आईबाबांसाठी त्याच बागायतदाराकडून मागवतो. त्याला चाखून बघायची सोय नाही, तो वाचूनच ठरवणार ना?

हिशेबनीस

ताई, तुमच्यासारखी दहा माणसं असतील. बाकीचे ‘मोहोर गेला’ एवढंच वाचून पळतात. दुकानदाराने आपल्या मालाची खोट स्वतः पाटीवर लिहायची? उद्या कातळकरांनी साक्याबद्दल, म्हणजे आतून खराब निघणाऱ्या आंब्याबद्दल, लिहिलं की त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर फिरेल, ‘बघा, हेच म्हणतात आमच्या आंब्यात साका असतो’.

कातळकर

इथे मी अडकलोय खरा. काल जेवल्यावर वही घेऊन गेल्या मोसमातले फोन आठवले. कार्बाइड वापरता का. हा खरंच देवगडचा कशावरून (२०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत बसायचा थांबलेला नाही, त्यामुळे विचारणाऱ्याची चूक नाही). पेटी चार डझनाची की पाचची. आणि सगळ्यात जास्त, रागावून आलेले फोन साक्याचे. १४४ लेखांत यातला एकही विषय नाही. म्हणून पुतण्याला म्हटलं, एजन्सी बंद, एक मी बोलतो, तू टाइप कर. हे बघा:

‘आंबा वरून पिवळाधमक, वासही चांगला, पण कापल्यावर बाठ्याजवळ पांढुरका, स्पंजासारखा, आंबट भाग लागतो. तो साका. वरून तो आम्हालाही कळत नाही. झाडावर फळ जास्त तयार झालं, किंवा उतरवल्यावर उन्हात तापलं, की प्रमाण वाढतं. म्हणून आम्ही चौदा आणे तयार झालेलं फळ देठासकट उतरवतो आणि लगेच सावलीत नेतो. तरीही पेटीत एखादं निघतं. निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भर घालून देऊ.’

पोटार्थी

असं मला कधी लिहिता आलं नसतं. ‘चौदा आणे’ काढू नका, कुणी काहीही म्हणो.

पेठेतली खवय्यी

‘भर घालून’ म्हणजे किती? एकाला एक की एकाला दोन?

कातळकर

एकाला एक. लिहून टाकतो.

हिशेबनीस

आणि साका मेच्या अखेरीच्या पेटीत निघाला तर? त्यानंतर पुढची पेटी कुठून आणणार?

कातळकर

हे लक्षातच आलं नव्हतं. मग त्या फळाचे पैसे परत, असं लिहावं लागेल. थांबा, घरात विचारून सांगतो, हिशेब वहिनीकडे असतो.