मदत हवी आहे: ट्रकची पहिली नोकरी, उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय

विक्रोळी_पूर्व
दोन मालकांशी बोलणं झालंय. एक पगार आणि भत्ता देतो, दुसरा ट्रिपवर, म्हणजे फेरीमागे पैसे. ट्रिपवाल्याकडे जास्त सुटतील असं दिसतंय, पण तो म्हणतो ओरिजिनल लायसन त्याच्या ऑफिसात राहील. कुठे जाऊ? उद्या संध्याकाळपर्यंत दोघांना सांगायचंय. लवकर सांगा प्लीज.

कळंबोली_अड्डा
भाऊ, गाडी कुठली? लायसन हेवी आहे का? लोकल की लाईनची, म्हणजे लांबची? काहीच लिहिलं नाहीस, सांगणार काय?

घाटवाला
विचारायचंय काय त्यात, ट्रिप घे. मी पहिल्या दिवसापासून ट्रिपवर आहे. जेवढी गाडी मारशील तेवढं तुझं.

तुर्भे_रात्रपाळी
घाटवाले, चाक फिरलं तर तुझं. माझा पहिला मालक ट्रिपवरच द्यायचा. पावसाळ्यात न्हावा शेवा बंदराला माल घेऊन दोन रात्री रांगेत होतो. पुढची गाडी दहा फूट सरकली की इंजिन चालू करायचं, दहा फूट पुढे घ्यायचं, बंद करायचं. डोळा लागला की मागून हॉर्न. त्या महिन्यात चारच ट्रिपा झाल्या. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे, पैसे मालकाने माल पाठवणाऱ्या पार्टीकडून वसूल केले, मला एक रुपया दिला नाही. वर साखरेच्या तीन गोण्या भिजल्या म्हणून माझ्याच हिशोबातून कापले. ताडपत्री त्याची, फाटकी. मी निघतानाच दाखवली होती. म्हणून पहिला प्रश्न हा विचार: हॉल्टिंग कुणाचं आणि शॉर्टेज, म्हणजे माल कमी भरला किंवा खराब झाला तर त्याचे पैसे, कुणावर?

घाटवाला
तुला मालक वाईट मिळाला, त्यात ट्रिपचा काय दोष?

पनवेलकर
मी म्हणतो नोकरी करायचीच कशाला? जुनी सहाचाकी घे, थोडं डाऊन पेमेंट कर, बाकी फायनान्स. दोन वर्षांत स्वतः मालक होशील.

कळंबोली_अड्डा
पनवेलकर, पोराने अजून घाट उतरवला नाही आणि तुम्ही त्याला हप्त्यात घालताय. असं नका सांगू कुणाला.

विक्रोळी_पूर्व
सॉरी, घाईत लिहिलं. लायसन हेवी आहे, चार महिने झाले. त्याआधी तीन वर्षं टेम्पो चालवला, पार्सलचा. पगारवाला भिवंडीचा, गोडाऊनचा माल, बाराचाकी, नाशिकपर्यंत. ट्रिपवाला कळंबोलीचा, ट्रेलर, स्टील. तो म्हणतो सोमवारपासून एकट्याने गाडी काढ.

गाडी_नंबर_दोन
टेम्पोला वेगळं लायसन लागत नाही आता. ७,५०० किलोपर्यंत साध्या एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर, चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय.

कळंबोली_अड्डा
बरोबर आहे, पण तो विचारतोय ट्रेलरचं.

कसारा_उस्ताद
बाळा, चार महिन्यांच्या हेवी लायसनवर स्टीलचा ट्रेलर एकट्याच्या हातात देणारा मालक तुझा विचार करत नाहीये. कॉईल, म्हणजे स्टीलच्या पत्र्याचं जड भेंडोळं, बांधायला शिकवलंय का कुणी तुला? ब्रेक मारला आणि साखळी सुटली तर कॉईल केबिनमध्ये येते. मी बघितलंय, जास्त लिहवत नाही.

घाटात लोडगाडी ब्रेकवर उतरवली की ड्रम तापतात, जळकट वास येतो, मग पेडल दाबूनही गाडी धरत नाही. चढताना जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचं. हे पुस्तकातून येत नाही, शेजारी जुना ड्रायव्हर लागतो. तो तुझा हात धरून सांगतो, आत्ता टाक गिअर. भिवंडीवाल्याला एवढंच विचार: पहिले दोन महिने उस्तादाबरोबर बसवणार का? हो म्हणाला तर पगार दोन हजारांनी कमी असला तरी जा.

लायसन कुणाच्या हातात देऊ नकोस. डिजिलॉकरमधलं चेकिंगला चालतं, म्हणून मालक म्हणतात ओरिजिनल इथे ठेव. नोकरी सोडायची म्हटलीस की तेच अडवून धरतात.

घाटवाला
लायसनचं काकांनी बरोबर सांगितलं. तिथे माझंही तेच मत आहे.

दिवा_स्टेशन
नवीन गाडी मागा. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. मे महिन्यात फरक कळतो.

तुर्भे_रात्रपाळी
पहिल्या नोकरीला नवीन गाडी कोण देतो, दादा? आधी ओव्हरलोडचं विचार. कलम १९४ प्रमाणे दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. काटा करून, म्हणजे गाडीचं वजन करून, निघतात का, आणि चलन आलं तर भरतो कोण?

घरची_बाजू
मी ड्रायव्हरची बायको. एक माझंही ऐक. पगाराची तारीख विचार. आमच्याकडे आठ वर्षं ट्रिपचा हिशोब 'गाडी आली की बघू' असाच व्हायचा. शाळेची फी असायची आणि हे इंदूरला अडकलेले. आता पगार दहा तारखेला बँकेत येतो, ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, आहे. मुलीला ताप आला तर कुणाकडे उसने मागावे लागत नाहीत. जास्त सुटतील म्हणतोस, पण महिन्याच्या शेवटी वहीत किती राहतात ते बघ.

विक्रोळी_पूर्व
सगळ्यांचे आभार. दोघांना फोन केला. कळंबोलीवाल्याला लायसन माझ्याकडेच राहील म्हटलं, तर त्याने फोन ठेवला. भिवंडीवाला म्हणाला दीड महिना जुन्या ड्रायव्हरबरोबर बसवतो, तोवर भत्ता अर्धा. पगार सात तारखेला. शॉर्टेजचं विचारलं तर म्हणाला, "सील तुटलं नसेल तर तुझ्यावर नाही." पीएफचं मात्र बोलला नाही, समोर ये मग बोलू म्हणाला.

कसारा_उस्ताद
जा. सीलचा आणि गाडीचा फोटो निघताना काढत जा, रोज. पीएफचं समोर बसून विचार, लाजू नकोस.

कळंबोली_अड्डा
आणि अर्धा भत्ता म्हणजे नक्की किती ते आकड्यात लिहून घे.