मुदत संपल्यावर केलेला नोकरीचा अर्ज : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

जुळे सोलापुरात मी मुलामुलींसाठी अभ्यासिका चालवते. प्रत्येक भरतीच्या वेळी कुणीतरी असं येतंच, ज्याची शेवटची तारीख निघून गेलेली असते. कुणाचे वडील दवाखान्यात असतात, कुणाच्या हातात दाखला आलेला नसतो, कुणाला जाहिरातच उशिरा कळलेली असते. मग आजूबाजूचे दोनच गोष्टी सांगतात. "सोड की आता, पुढच्या वर्षी बघू," नाहीतर "थांब, कुणाची तरी ओळख काढतो." ही दोन्ही उत्तरं ऐकली की मला फार वाईट वाटतं, कारण दोन्हींत साधी चौकशीसुद्धा केलेली नसते. एमपीएससीची तारीख आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्याची तारीख एका वजनाची नसते. एक नियमाने बांधलेली, दुसरी कामाच्या सोयीसाठी घातलेली. तारीख कुणी घातली आणि कशासाठी घातली, हे आधी विचारायला हवं.

म्हणून हा धागा. नोकरी मिळाली असेल तरी लिहा, नसेल मिळाली तर जरूर लिहा. संस्थेचं किंवा साहेबांचं नाव नको. तारीख का गेली, कुणाशी बोललात, काय बोललात, पुढे काय झालं, तेवढं सविस्तर सांगा.

अशोक चौकातून, टॉवेल कारखान्याच्या निर्यात विभागात काम करणारी

ताई, माझे आई-वडील दोघंही कारखान्यात. वडील मागावर, आई शिलाईला. मी बी.कॉम. झाले आणि निर्यातीच्या कागदपत्रांचा छोटा कोर्स केला. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात डॉक्युमेंटेशनसाठी जागा निघाली होती. आईच्या बरोबरच्या एका मावशींनी रविवारी सांगितलं, अर्जाची तारीख शनिवारीच संपली होती.

सोमवारी सकाळी फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मुदत संपली." मी विचारलं, "मॅडम, मुलाखती झाल्या का?" त्या म्हणाल्या, "नाही, गुरुवारी आहेत." माझं सगळं पुढचं या एका प्रश्नावर घडलं. मुलाखती व्हायच्या होत्या म्हणजे यादी अजून कुणाच्या तरी टेबलावर होती. मी विचारलं, यादी कोण करतंय, त्यांना अर्ज दिला तर चालेल का. त्यांनी मॅनेजरांना विचारून सांगितलं, आणून द्या, पण बोलावूच असं नाही.

अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं की तारीख उलटून गेली आहे, जाहिरात रविवारी कळली. पुढे फक्त कामाचं लिहिलं: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल करता येतं, न्हावा शेवा बंदरातल्या एजंटशी हिंदीत बोलू शकते, घरी तेलुगू बोलतो त्यामुळे कामगारांशीही बोलणं सोपं जाईल. गुरुवारी सगळ्यांच्या शेवटी बोलावलं. समोर कागद ठेवला आणि कार्टनचं नेट वजन, ग्रॉस वजन घालून पॅकिंग लिस्ट करायला सांगितली. केली.

निवड दुसऱ्या मुलीची झाली. तिचा अनुभव जास्त होता, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण महिन्याभरात ती पुण्याला गेली आणि मला फोन आला. आजही तिथेच आहे.

निवृत्त वरिष्ठ लिपिक, विजापूर रोड

मी एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत नोकरी केली. आतली बाजू सांगतो, कारण बाहेर फार गैरसमज आहेत.

अर्ज कागदावर यायचे तेव्हा शेवटच्या दिवशी कार्यालय बंद होताना आवक नोंदवहीत शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून साहेबांची सही घेत असू. त्या रेघेच्या खाली आलेला अर्ज, मग तो कुणाचाही असो, छाननीला जात नसे. लोक गयावया करायचे. एकदा एक आई मुलाचा अर्ज घेऊन आली होती, मुलगा अपघातात पाय मोडून पडलेला. अर्ज घेतला, तारखेसह पोहोच दिली, पण छाननीत तो बाजूला गेला. तिला खोटी आशा लावली नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

याला कारण आहे. एकाचा उशिरा आलेला अर्ज घेतला, तर "मुदत गेली" म्हणून घरी बसलेल्या शेकडो जणांवर अन्याय होतो. पात्रतेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अशोक कुमार शर्मा विरुद्ध चंदर शेखर या प्रकरणात हाच विचार मांडला: पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेला हवी, नंतर मिळवलेली चालणार नाही, कारण तसे कितीतरी जण अर्ज न करताच थांबलेले असतात.

मात्र अर्ज वेळेत आणि एखादा दाखला उशिरा, हे वेगळं प्रकरण आहे. २०१६ च्या राम कुमार गिजरोया निकालात अर्ज मुदतीत होता, ओबीसी दाखला नंतर दिला होता, आणि न्यायालयाने उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. नंतरच्या काही निकालांत जाहिरातीतल्या अटीलाच जास्त वजन दिलेलं आहे, तेव्हा त्या एका निकालावर विसंबू नका. पण दाखला हाती नाही म्हणून अर्जच न करणं, हे मुलांनी थांबवायला पाहिजे. जाहिरातीतली अट वाचा, अर्ज करा, दाखल्यासाठी केलेल्या अर्जाची पावती जपून ठेवा. टपालाने पाठवायचं असेल तर स्पीड पोस्टची पावतीही. आणि प्रत्यक्ष दिलात तर पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

धागाकर्ती

काका, हे माझ्या मुलांना वाचून दाखवणार आहे. पाय मोडलेल्या त्या मुलाचं पुढे काय झालं, आठवत असेल तर सांगा.

निवृत्त वरिष्ठ लिपिक

पुढच्या भरतीत त्याने वेळेत अर्ज केला. आमच्याकडे नाही, दुसऱ्या खात्यात लागला, असं त्याच्या आईने नंतर भेटून सांगितलं.

मोहोळचा, पोलीस भरतीची तयारी केलेला

२०२२ च्या पोलीस भरतीची मुदत ३० नोव्हेंबरला संपणार होती. माझं नॉन-क्रीमी लेयर हातात नव्हतं, घरी सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की हे वर्ष गेलं. मग मुदत १५ डिसेंबरपर्यंत वाढली. २०२४ ला पण तसंच, ३१ मार्चची मुदत १५ एप्रिलपर्यंत गेली. मुदतवाढ मिळेलच असं धरून बसू नका, पण तारीख उलटल्यावरही अधिकृत संकेतस्थळावर शुद्धिपत्रक बघत राहा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर जाऊ नका, जुन्या वर्षाचं परिपत्रक नवं म्हणून फिरत असतं.

रेल्वे लाईन्स भागातून

रेल्वेचं थोडक्यात सांगतो. २०२४ च्या एनटीपीसी (म्हणजे रेल्वेतली बिगर-तांत्रिक पदं) भरतीत मुदत संपल्यानंतर दोन दिवस फी भरता येत होती आणि त्यानंतर २५० रुपये भरून अर्जात दुरुस्ती करता येत होती. पण हे सगळं ज्याने अर्ज आधी भरून ठेवला त्याच्यासाठी. नवीन अर्ज नाही. माझ्या बहिणीने फी नंतर भरू म्हणून फॉर्म आधीच भरून ठेवला होता, म्हणून ती वाचली.

सात रस्त्याजवळून, गृहिणी, आता पतसंस्थेत

माझं थोडं वेगळं आहे. खुल्या प्रवर्गाला सरकारी नोकरीसाठी वयाची अट ३८. मी अडतिसाव्या वर्षात होते, एका भरतीची जाहिरात निघाली आणि त्याच आठवड्यात सासरे आयसीयूत. रात्री मी, दिवसा हे, असं चाललं होतं. फॉर्म राहिला. नुसता फॉर्म राहिला नाही, वयच संपलं. लग्नानंतर मुलं मोठी होईपर्यंत थांबलेल्या बाईला ही शेवटची तारीख किती लागते, हे सांगता येत नाही. मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली.

मग ३ मार्च २०२३ चा शासन निर्णय आला. ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतच्या जाहिरातींसाठी कमाल वयात दोन वर्षांची सवलत. मला हे शेजारच्या मुलीने सांगितलं, विश्वासच बसेना, निर्णय स्वतः उघडून वाचला. ऑगस्टमध्ये जिल्हा परिषदेची मोठी भरती निघाली, २५ ऑगस्टपर्यंत मुदत होती. मी पहिल्याच आठवड्यात फॉर्म भरला. निवड झाली नाही. पण त्या अभ्यासाच्या जोरावर पतसंस्थेच्या परीक्षेला बसले आणि तिथे लागले. वय उलटलेल्या ताईंनी शासन निर्णय बघत राहावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तासिका तत्त्वावर शिकवणारी, होटगी रोड

महाविद्यालयातल्या सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या मुलाखती जून-जुलैत होतात. मी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी, कलबुर्गीला होते. ऑगस्टच्या शेवटी परत आले तेव्हा सगळीकडे नेमणुका झालेल्या. तरी विभागप्रमुखांना भेटले, कारण प्रवेश पूर्ण झाल्याशिवाय कार्यभार नक्की ठरत नाही, हे मला माहीत होतं. तुकडी वाढली की तास वाढतात. शिवाय कुणी तरी मधेच दुसरीकडे लागतं, आणि तेव्हा प्राचार्यांना उद्या वर्गावर उभा राहील असा माणूस हवा असतो.

मी सरांना एवढंच म्हटलं, "सर, आत्ता जागा नाही हे मला माहीत आहे. कोणते पेपर शिकवू शकते ते लिहून आणलंय, फाईलला राहू द्या." दिवाळीनंतर बोलावणं आलं. दुसऱ्या एका महाविद्यालयात मात्र शिपायानेच दारातून परत पाठवलं, तेही सांगायला हवं.

पंढरपूर तालुका, शुगर केमिस्ट

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. गाळप सुरू व्हायच्या तोंडावर माणसं इकडची तिकडे होतात. जाहिरातीची तारीख सप्टेंबरमधली असली तरी बॉयलर पेटल्यावर लॅबमध्ये पाळी भरायला माणूस कमी पडतो, हे दर हंगामात बघतोय. मी असाच दसऱ्यानंतर गेलो होतो. चीफ केमिस्टना थेट भेटलो, आधीच्या कारखान्याचा अनुभव दाखला दाखवला, रात्रपाळी करतो म्हणालो. हंगामी म्हणून घेतलं. ज्याला घराजवळच आणि दिवसपाळीच पाहिजे, त्याला असं उशिरा जाऊन जमणार नाही.

अभ्यासिकेतला एक विद्यार्थी

माझ्या आतेभावाला एकाने सांगितलं, "मागची तारीख टाकून अर्ज आत घुसवतो, साहेब आपलाच आहे." आत्याने पाटल्या मोडून पैसे दिले. ऑनलाइन अर्जावर वेळ आपोआप पडते, मागची तारीख टाकणार कुठून? तो माणूस नंतर फोन उचलेना. अजून आत्या हातात बांगड्याच घालत नाही. कुणीही असं म्हणालं तर सरळ नाही म्हणा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर केला की पैसे पुढे सरकतात.

छोट्या कारखान्याचा मालक, एमआयडीसी

मी दुसऱ्या बाजूचा. रेपियर मागांसाठी फिटर, डिझायनर, असे लोक लागतात. जाहिरातीत तारीख घालतो ती मला मुलाखतीचा दिवस ठरवता यावा म्हणून. निवडलेला माणूस पुण्यात जास्त पगार मिळाला की जातो, हे इथल्या प्रत्येक कारखानदाराला ठाऊक आहे. त्यामुळे उशिरा आलेले बायोडेटा मी टाकत नाही.

पण कोणता बायोडेटा वर राहतो? ज्यात मुलाने लिहिलंय की जॅकार्डवर काम केलंय, अमुक सॉफ्टवेअर येतं, अमुक तारखेपासून येऊ शकतो. "कोणतंही काम करायला तयार" असं लिहिलेले ढिगाने येतात, त्यांना काय काम द्यायचं हेच कळत नाही. आणि तारखेबद्दल खोटं बोलू नका. "मी मेल केला होता, तुम्हाला मिळाला नाही का" असं म्हणणारा मुलगा मी आजवर घेतलेला नाही.

बार्शीहून

ताई, माझं डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालंय. सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जागा होती, काल मुदत संपली. आजी वारली, त्यामुळे दहाव्यापर्यंत गावातून निघता आलं नाही. आता काय करू?

धागाकर्ती

आजींचं ऐकून वाईट वाटलं रे. खासगी आहे, तेव्हा आजच फोन कर. मुलाखती झाल्या का, यादी कोण करतंय, एवढंच विचार. अर्ज घ्यायला हो म्हणाले तर असा अर्ज पाठव:

"लॅब टेक्निशियन पदासाठीच्या अर्जाची मुदत काल संपली, याची मला कल्पना आहे. घरातील निधनामुळे वेळेत अर्ज करता आला नाही. मुलाखती झाल्या नसतील तर माझ्या अर्जाचा विचार व्हावा, ही विनंती. डीएमएलटी पूर्ण, रक्त संकलन आणि बायोकेमिस्ट्री तपासण्यांचा सराव आहे. रात्रपाळी करू शकतो. पुढील आठवड्यापासून रुजू होऊ शकतो. ही जागा भरली गेली असल्यास पुढील जागेसाठी माझा अर्ज ठेवावा."

त्यात तुला न येणारं काही असेल तर काढून टाक. आजींच्या आजारपणाचं सविस्तर लिहू नकोस, एक ओळ पुरे.

बार्शीहून

फोन केला ताई. मुलाखती सोमवारी आहेत. एचआर मॅडम म्हणाल्या, व्हॉट्सॲप नको, मेल करा, पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना विचारून सांगते. मेल केला. रात्रपाळीचं ठेवलं, बायोकेमिस्ट्रीच्या जागी हिमॅटॉलॉजी लिहिलं, माझा सराव त्यातच जास्त आहे.

धागाकर्ती

बरं केलंस. बोलावलं तर मूळ मार्कशीट आणि पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी बरोबर आण. सोमवारी पहिल्या एसटीने आलास तर आधी इकडे ये, अभ्यासिका सकाळी सातला उघडते, झेरॉक्स इथेच काढून देते.