निवेदकाने स्वतःचं चॅनेल नेटवर्क काढायचं तर आधी काय तपासायचं? (नागपूर, केबल)

धरमपेठी:
लोकल केबलवर मुलाखतींचा कार्यक्रम गाजलेला एक निवेदक नागपूर, वर्धा आणि चंद्रपूर मिळून तीन चॅनेलचं नेटवर्क काढायच्या बेतात आहे. प्रस्ताव वाचायला मिळाला. मालक, सीईओ आणि रात्री ९ च्या शोचा चेहरा असं सगळं तो एकटाच असणार आहे. चॅनेलच्या नावातही त्याचंच नाव. "ओप्रालाही आधी जड गेलं, मग जमलं" असा दाखला पहिल्याच पानावर दिलाय. तिचं नेमकं काय अडलं होतं? आणि आपल्याकडे परवानगी, पैसा, माणसं यांत कुठे पाय अडकतो? कामाचं सांगा, शुभेच्छा नकोत.

प्रोमोवाली:
तो दाखला उलटा लागलाय. अमेरिकेतली टॉक शोची निवेदिका ओप्रा विन्फ्री, तिने स्वतःचं टीव्ही नेटवर्क जाहीर केलं जानेवारी २००८ मध्ये आणि ते सुरू झालं १ जानेवारी २०११ ला. डिस्कव्हरीबरोबर निम्मी-निम्मी भागी होती. डिस्कव्हरीने आपलं चालू असलेलं डिस्कव्हरी हेल्थ चॅनेलच त्यात दिलं, म्हणजे पहिल्या दिवशी सात-आठ कोटी घरांत जागा तयार होती. शिवाय सुरुवातीला १० कोटी डॉलरची हमी. वितरण आणि भांडवल हे दोन्ही प्रश्न सुटलेले असूनही गाडी अडली, हे आधी लक्षात घ्या. तुमच्या निवेदकाकडे या दोन्हींपैकी काय आहे?

अडलं ते वेळापत्रकात. तिचा रोजचा शो २५ मे २०११ पर्यंत दुसऱ्यांच्या स्टेशनांवर चालू होता. ज्या बाईच्या नावावर लोक चॅनेल लावणार, तीच पहिले जवळपास पाच महिने तिथे रोज दिसत नव्हती. मे २०११ मध्ये सीईओ क्रिस्टिना नॉर्मन यांना काढलं आणि जुलैत ओप्राने ती खुर्ची स्वतः घेतली. ऑक्टोबरात विनोदी कलाकार रोझी ओडॉनेलचा रोजचा शो आणला, तो मार्च २०१२ मध्ये बंद केला. त्याच महिन्यात ३० जणांची नोकरी गेली.

सावरलं कशाने? लोक सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची ओप्राने घेतलेली जानेवारी २०१३ ची मुलाखत सांगतात. ती दोन रात्री चालली, आकडे आले, पण तिसऱ्या रात्री काय लावायचं हा प्रश्न तसाच होता. खरा फरक पडला तो लेखक-निर्माता टायलर पेरीशी ऑक्टोबर २०१२ मध्ये झालेल्या करारामुळे. मे २०१३ पासून त्याच्या मालिका ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येऊ लागल्या, आणि कृष्णवर्णीय महिला प्रेक्षक हा नेमका गट पक्का धरला गेला. त्याच वर्षी नेटवर्क तोट्यातून बाहेर आलं. गाजलेली मुलाखत एका रात्रीपुरती गर्दी आणते, रोज ९ वाजता तेच चॅनेल लावायची सवय मालिका लावते. निवेदकाला पहिल्याची सवय असते, म्हणून दुसऱ्यासाठी वेगळा प्रोग्रामिंग हेड लागतो, आणि निवेदकाच्या शोची वेळ बदलायचा अधिकार त्याला लेखी द्यावा लागतो. सीईओ आणि स्टार एकच असले की पडलेला शो काढायची हिंमत कोणी करत नाही.

आणखी एक गोष्ट प्रस्तावात शोधा, जुन्या भागांची मालकी. ओप्राचा शो तिच्याच हार्पो कंपनीचा होता. इथे निवेदक पगारावर असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ते काम नोकरी देणाऱ्याचं. मग "१० वर्षांचं संग्रहण" हा भांडवलाचा आकडा शून्य होतो.

हेडएंडवाला:
भाऊ, "नेटवर्क" या शब्दावरच गाडी थांबते, ते काहून कोणी सांगून नाही राहिलं?

केबलवरचं लोकल चॅनेल म्हणजे नियमाच्या भाषेत प्लॅटफॉर्म सर्व्हिस. ३० नोव्हेंबर २०२२ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते एमएसओचं (मल्टी-सिस्टिम ऑपरेटर, म्हणजे केबलवाल्यांना सगळे चॅनेल पुरवणारा मोठा ऑपरेटर) असते, निवेदकाचं नसते. नोंदणी एमएसओ करतो, फी चॅनेलमागे फक्त १,००० रुपये. राज्य पातळीवर एमएसओच्या एकूण चॅनेल-क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंत असे चॅनेल ठेवता येतात, शिवाय जिल्ह्यामागे दोन. पडद्यावर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' असं लिहावं लागते आणि रेकॉर्डिंग ९० दिवस सांभाळावं लागते. स्थानिक बातम्या दाखवायच्या तर एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला पाहिजे. प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा धंदा) असेल तर बातम्यांचा विचारच नको.

मुख्य अडचण पुढेच आहे. एका एमएसओचा हा कार्यक्रम दुसऱ्या एमएसओला देता येत नाही, थेट नाही आणि आडमार्गानेही नाही. मंदिर-गुरुद्वारासारख्या ठिकाणच्या थेट प्रक्षेपणाला सूट आहे, म्हणून टेकडीच्या गणपतीची आरती वाटून घेता येईल. मारबतीची मिरवणूक त्या सवलतीत धरून चालू नका. म्हणजे नागपुरात एक एमएसओ आणि चंद्रपुरात दुसरा असेल, तर ९ वाजताचा तोच शो दोन्हीकडे चालवणं नियमात बसत नाही. तिन्ही शहरांत एकच एमएसओ असेल तरच प्रस्तावाला अर्थ आहे. नाहीतर सॅटेलाइट परवानगी घ्या. २०२२ च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंग (उपग्रहावर सिग्नल चढवणं-उतरवणं) सूचनांप्रमाणे पहिल्या बातम्यांच्या चॅनेलसाठी कंपनीची नक्त मालमत्ता (नेटवर्थ) २० कोटी लागते, बिगर-बातम्यांसाठी ५ कोटी. पुढच्या प्रत्येक चॅनेलला अनुक्रमे ५ आणि अडीच कोटी.

एमएसओबरोबरच्या करारात चॅनेल क्रमांक लिहून घ्या, आणि तो बदलायचा झाल्यास किती दिवस आधी कळवायचं तेही. क्रमांक हलला की प्रेक्षक हलते. सिग्नल हेडएंडला (एमएसओचं मुख्य केंद्र) एसआरटीने (इंटरनेटवरून थेट चित्र पाठवायची पद्धत), एच.२६४ या व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्ये ५-६ एमबीपीएसवर पाठवायचा. फायबर एका कंपनीचा आणि दुसरी लाइन वेगळ्याच कंपनीची, आणि दोन्ही एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत नाहीत हे डोळ्याने पाहून घ्या. रस्ता खोदला की दोन्ही सोबतच जातात.

हिशेबनीस:
वरच्या दोघांनी सांगितलेलं आकड्यात मांडतो.

तीन चॅनेल गुणिले आठवड्याचे १६८ तास म्हणजे ५०४ तास. निवेदकाचा एक तासाचा शो, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे त्यातले ५. चार तासांचं चक्र सहा वेळा फिरवलं तरी नवीन मजकूर आठवड्याला ८४ तास लागतो. हे ८४ तास कोण करणार, हे प्रस्तावात कुठल्या पानावर आहे ते बघा. उत्तर "एसएमएस स्पर्धा आणि गाणी" असेल तर गाण्यांचे परवाने खर्चात धरलेत का तेही बघा. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमामागची गाणीसुद्धा फुकट नसतात.

जाहिरात तासाला १२ मिनिटं, त्यातली २ स्वतःच्या प्रोमोची. उरली १०, म्हणजे दहा सेकंदांचे ६० तुकडे. संध्याकाळी ६ ते ११ मध्ये ३०० तुकडे. समजा ४० टक्के विकले आणि तुकड्याला ६० रुपये मिळाले, तर दिवसाला ७,२०० आणि महिन्याला २ लाख १६ हजार. आता चॅनेलमागचे पगार, भाडं आणि वीज समोर मांडा. इतवारीचे सराफ आणि सीताबर्डीची दुकानं दिवाळीला जाहिरात देतात, क्लासवाले निकालाच्या हंगामात देतात. मधले महिने कोरडे जातात आणि उधारी लांबते. सहा महिन्यांचा खर्च बँकेत नसेल तर सुरुवात करू नये.

कर्जाची कलमं वकिलाकडून वाचून घ्या. निवेदकाने उभारलेल्या नेटवर्कचं आपल्याकडचं मोठं उदाहरण एनडीटीव्ही. २००९ मध्ये प्रवर्तकांच्या आरआरपीआर कंपनीने ४०३.८५ कोटींचं कर्ज घेतलं, त्याला शेअरमध्ये बदलता येणारे वॉरंट जोडलेले होते. कर्ज देणारी कंपनी २०२२ मध्ये अदानी समूहाकडे गेली, वॉरंट वापरले गेले आणि आरआरपीआरकडचा २९.१८ टक्के हिस्सा हातून गेला. त्याच गटाचं मनोरंजन चॅनेल, इमॅजिन, जानेवारी २००८ मध्ये सुरू झालं, पुढे टर्नरकडे गेलं आणि २०१२ मध्ये बंद पडलं. बातम्या उत्तम जमणाऱ्यांना मालिकांचा खर्च झेपेलच असं नाही.

धरमपेठी:
म्हणजे एकच चॅनेल, एकाच एमएसओवर, असं सुचवू? आणि नावाचं काय?

प्रोमोवाली:
हो, एकच. रोज दोन नवीन तास पुरे, त्यातला एक निवेदकाचा आणि एक त्याच्याशिवाय चालणारा. कळमना बाजाराचे भाव, शहरातलं पाणी-वीज-रस्ते, अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवन. सहा महिन्यांत दुसऱ्या तासाला स्वतःच्या जाहिराती मिळाल्या तर पुढचं बोला. नाव ट्रेडमार्कच्या वर्ग ३८ (प्रसारण) आणि ४१ (मनोरंजन) मध्ये नोंदवा, मालकी निवेदकाकडे आणि कंपनीला वापराचा परवाना. भागीदार फुटला तर निदान स्वतःचं नाव तरी परत मिळतं.

हेडएंडवाला:
आणि प्लेआउटच्या (कार्यक्रम लावणाऱ्या सर्व्हरच्या) खोलीत दोन एसी लावा बाप्पा, आलटून-पालटून चालणारे, जनरेटरवर जोडलेले. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, एसी बंद पडला की सर्व्हर अर्ध्या तासात मान टाकते, आणि तेव्हा स्क्रीन काळी असते.